निशाणी डावा अंगठा

१

माणिकपूरला एका जुन्या इमारतीत खाली तयार कपड्यांचं दुकान आहे आणि वर आमचं वस्तू सुरक्षा कार्यालय. पाटी चांगली मोठी आहे, तरी जिना चढून येणारे निम्मे लोक रेशनकार्डाचीच चौकशी करतात. मी, विनिता भोईर, इथे एकोणतीस वर्षं निरीक्षक आहे. लोकांच्या घरात जाणारी वस्तू त्यांना इजा करील की नाही, एवढंच मी बघते. कुकरची शिटी, गॅसची नळी, खुळखुळ्यावरचा रंग, इस्त्री, पंखा. दुकानातून नमुना उचलायचा, कापडात बांधून लाखेचं सील मारायचं, दोन पंचांसमोर पंचनामा लिहायचा आणि नमुना प्रयोगशाळेला पाठवायचा. नापास झाला की माल जप्त. काम रुक्ष आहे आणि मलाही ते शोभतं.

ऑक्टोबरात एका सकाळी दीपेशने त्याचा पंचनामा माझ्या टेबलावर ठेवला. दीपेश दोन वर्षांपूर्वी लागलेला निरीक्षक. पोरगा हुशार आहे, फक्त 'सदर' हा शब्द मिठासारखा सगळीकडे टाकतो. त्याने नायगावच्या एका वितरकाच्या गोदामावर धाड घातली होती. पाणी तापवायचे तीनशे बारा रॉड. नळीतून वीज गळत होती. असा रॉड बादलीत सोडून पाण्यात हात घातला की माणूस गेलाच. माल गोदामातच सील करून ठेवला होता, आणि सुनावणीत प्रकरण टिकलं की तो नष्ट होणार होता.

मी शेवटच्या पानावर आले. पंच क्रमांक एक, स्टॅनी, रिक्षाचालक, पुढे सही. पंच क्रमांक दोन, कृष्णाबाई रामू तरे, वय पासष्ट, राहणार जूचंद्र, घर क्रमांक ४१७. पुढे 'निशाणी डावा अंगठा' आणि जांभळ्या शाईचा ठसा.

मी ते दोनदा वाचलं. कृष्णाबाई रामू तरे नावाची बाई नाही. ती मी तयार केलेली आहे.

२

पंच मिळणं किती कठीण असतं ते बाहेरच्या माणसाला कळायचं नाही. 'जरा साक्षीला उभे राहा' म्हटलं की भर बाजारातले लोक क्षणात आपापल्या कामाला लागतात. कोर्टाच्या फेऱ्या कुणाला हव्यात? २०११ साली अशाच एका दुपारी एका दुकानात मी एकच पंच घेऊन उभी होते. दुकानदार जेवायला जायची घाई करत होता. मी कागदावर एक नाव लिहिलं. माझं माहेर जूचंद्रचं, म्हणून गाव जूचंद्र लिहिलं. घर क्रमांक तोंडाला येईल तो टाकला. बाई अडाणी दाखवली म्हणजे सहीचा प्रश्न मिटला. ठशाला माझा डावा अंगठा होताच.

असं करणारी मी पहिली नव्हते, हे सांगून मी स्वतःची समजूत घातली. पुढे अडलं की कृष्णाबाईला बोलवायची सवयच लागली. दहा वर्षांत एकोणीस पंचनाम्यांवर ती आहे. वय दरवेळी पासष्ट. वाढवायचं कधी लक्षातच आलं नाही.

"दीपेश, ही दुसरी पंच कुठून आणलीस?" मी विचारलं.

"आणली नाही मॅडम, ती स्वतःच आली. मी स्टॅनीला पकडून ठेवला होता, दुसरा कोणी मिळेना. तेवढ्यात ही आजी गोदामाच्या दारात उभी. म्हणाली, भोईर मॅडमची पंच हाय मी, लिव माजा नाव."

"आणि तू लिहिलंस."

"पत्तासुद्धा तिनेच सांगितला, घर नंबरसकट. अंगठा पण बरोबर डावा पुढे केला. एकदम ट्रेन्ड होती, मॅडम." मग त्याने माझ्याकडे बघितलं. "का, काय झालं?"

काही नाही, म्हणाले. मी स्वतःलाही तेच सांगितलं. जुन्या फायली कुणीही चाळू शकतं. त्यातलं नाव उचलून कुणीतरी माझी जिरवायला एक म्हातारी उभी केली असेल. एकोणतीस वर्षांत मी दुखावलेले व्यापारी काही कमी नाहीत. हे अगदी पटण्यासारखं होतं, आणि जेवणाच्या सुट्टीपर्यंत मला पटलंही.

३

कृष्णाबाई आता नाही हे मला पक्कं माहीत होतं, कारण तिला मारलंही मीच होतं.

२०२१ साली पाण्याच्या रॉडचंच एक प्रकरण होतं. एकशे चाळीस रॉड. नमुना नापास, माल जप्त, सगळं चोख. फक्त दोन पंचांतली एक कृष्णाबाई. सुनावणीत व्यापाऱ्याचा वकील अडून बसला, पंचांना समोर आणा. मला दरदरून घाम फुटला. ती नाहीच हे कबूल केलं असतं तर नोकरी गेली असती आणि मागची अठरा प्रकरणंही उकरली गेली असती. मी अर्ज लिहिला. 'पंच कृष्णाबाई रामू तरे या मयत झाल्याचे समजते.' आमचे लिपिक गॉडफ्रे, माणिकपूरचेच जुने गृहस्थ, त्यांनी पंचांच्या नोंदवहीत तिच्या नावापुढे 'मयत' लिहिलं. एका पंचावर प्रकरण टिकलं नाही. एकशे चाळीस रॉड व्यापाऱ्याला परत गेले आणि तिथून दुकानांत.

पुढच्याच जानेवारीत त्यातला एक रॉड जूचंद्रच्या नव्या बिल्डिंगमध्ये सापडला. रचना नावाची सव्वीस वर्षांची मुलगी. सकाळी पाणी तापलंय का बघायला तिने बादलीत हात घातला. अहवाल लिहायला मलाच पाठवलं. लहान न्हाणीघर, निळ्या फरश्या, दोरीवर तिचा टॉवेल. बादली तशीच भरलेली होती. तिच्या सासूने मला चहा विचारला आणि मी घेतला.

त्या दिवशी मला रडू आलं नाही. त्यानंतर काहीच फारसं आलेलं नाही. भूक लागते म्हणून जेवते, सकाळ झाली म्हणून विरारहून कामावर येते. नवरा होता तेव्हा म्हणायचा, तुझ्याशी बोलणं म्हणजे नोटीस वाचणं. तो गेला तेव्हाही मी सगळे कागद वेळेत केले.

४

मी जुनी फाईल काढली आणि दीपेशच्या पंचनाम्याशेजारी ठेवली. फार वर्षांपूर्वी एका मिक्सरच्या पात्याने माझा डावा अंगठा चिरला होता. त्याची तिरकी खूण माझ्या प्रत्येक ठशात उमटते. ती जुन्या ठशात होती. ती दीपेशच्या पंचनाम्यावरही होती, त्याच जागी, तितकीच लांब.

नायगावला धाड पडली त्या दिवशी मी माणिकपूरला बैठकीत होते. सात माणसांनी मला तिथे पाहिलंय. हे मी कागदावर लिहून काढलं. लिहिलं की मला बरं वाटतं.

दुसऱ्या दिवशी हजेरीच्या यंत्राने माझा अंगठा घेतला नाही. रोज मी डावाच लावते. पुन्हा लावला, पदराला पुसून लावला. यंत्र नुसतंच लाल दिवा दाखवत राहिलं.

"घासला असेल, मॅडम," गॉडफ्रे म्हणाले. "माझ्या मदरचा पण असाच झालेला. वय झालं की रेषा जातात."

मी खिडकीशी जाऊन बघितलं. चिरेची खूण नव्हती. रेषाही नव्हत्या. बोटाचं टोक धुतलेल्या वाटीसारखं गुळगुळीत होतं. दाबून बघितलं तर काही कळेना. टाचणी टोचली, तरी नाही. मला भीती वाटायला हवी होती. मी टाचणी परत डबीत ठेवली.

"आणि ती तुमची गाववाली आलेली सकाळी," गॉडफ्रे फायलीतून वर न बघता म्हणाले. "बाहेर बाकड्यावर बसलेली. तुम्ही कधी येता, काय खाता, घरी कोण असतं, सगळं विचारत होती. मी म्हटलं, आजी, मॅडम एकट्याच असतात. तेव्हा हसली."

"गाववाली हे तुम्हाला कसं कळलं?"

"बोलण्यावरून. तुम्ही नवीन लागलात तेव्हा असंच बोलायचात ना. पानी, लोनी, कोन. आता साहेबी मराठी झाली तुमची."

बाकड्यावर कोणी नव्हतं. खाली दोन चहाचे ग्लास होते, एक रिकामा, एक झाकून ठेवलेला. झाकलेला अजून गरम होता, असं गॉडफ्रे म्हणाले. मला हाताला कळलं नाही.

५

नोव्हेंबरच्या सुनावणीत वितरकाच्या वकिलाने नेमकं तेच काढलं. तो तरुण होता, शांत बोलायचा. "साहेब, याच कार्यालयाच्या नोंदीप्रमाणे ही बाई २०२१ साली मयत आहे. मयत बाईने परवा अंगठा दिला म्हणायचा का?"

सुनावणी घेणारे वर्तक साहेब माझ्याकडे वळले. "भोईर मॅडम, हे काय आहे? पुढच्या मंगळवारी ही बाई मला इथे जिवंत दिसली पाहिजे. नाहीतर पंचनामा खोटा धरून मी माल सोडणार."

दीपेशचा चेहरा पांढरा पडला. बाहेर आल्यावर तो म्हणाला, "मॅडम, माझी नोकरी गेली तरी चालेल एक वेळ. पण थंडी सुरू झालीय. तीनशे बारा रॉड आठवड्यात संपतात."

मला ते माहीत होतं. खरं सांगितलं तर पंचनामा खोटा ठरणार, गप्प राहिले तरी खोटा ठरणार. दोन्हीकडून रॉड दुकानात. मला त्या निळ्या फरश्या दिसल्या. माल अडवून ठेवायचा तर एकच मार्ग होता, जी बाई नाही तिला मंगळवारी हजर करायचं.

शनिवारी दुपारी मी जूचंद्रला गेले. माहेर कधीच मोडलंय, जमिनीवर बिल्डिंगी आहेत. घर क्रमांक ४१७ मी हवेतून काढलेला, तरी विचारत गेले. दोन टॉवरांच्या मध्ये तीन कौलारू घरं उरली होती. तिसऱ्याच्या चौकटीवर निळ्या रंगात ४१७ लिहिलेलं होतं.

शेजारच्या ओटीवर एक बाई सुकट निवडत होती. "कृष्णाबाई?" ती म्हणाली. "आता गेली की. तुमच्याच हापिसात जाते बोलली. रोज जाते."

"किती वर्षं राहतात इथे?"

तिने मला खालपासून वरपर्यंत बघितलं. "तूच सांग ना बाय," म्हणाली आणि पुन्हा सुकटीत हात घातला.

दाराला कुलूप होतं आणि कुलपावर कापड गुंडाळून लाखेचं सील मारलेलं. सील आमच्या कार्यालयाचं. खाली तारीख नव्हती, फक्त निरीक्षकाची आद्याक्षरं, वि. भो. अक्षर माझं. मी मारलेलं नव्हतं.

आतून आवाज येत होता. आधी वाटलं माश्या असतील. मग कान दिला तेव्हा ओळखला. बादलीत रॉड सोडला की पाणी तापायच्या आधी जी बारीक गुणगुण सुरू होते, ती. एक नव्हे, बरेच असावेत. खिडकीच्या फटीतून भिंतीचा तुकडा दिसला, खुंटीवर लुगडं, आणि जमिनीवर ओळीने बादल्या. किती ते मोजता आलं नाही, ओळ फटीच्या पलीकडे जात होती. प्रत्येक बादलीवर नमुन्याची चिठ्ठी बांधलेली होती.

वीज उतरलीय का बघायला आम्ही तळहात लावत नाही, उलटा हात लावतो, म्हणजे झटक्याने बोटं आवळली तरी हात सुटतो. सवयीने मी डावा हात उलटा करून दाराला लावला. दार लाकडाचं होतं, कोरडं होतं, आणि त्यातून मुंग्या आल्या. कोपरापर्यंत, मग खांद्यापर्यंत. कित्येक दिवसांत त्या हाताला पहिल्यांदा काहीतरी कळलं. खरं सांगायचं तर मला हात काढावासा वाटेना. शेवटी त्या शेजारणीनेच हाक मारली.

६

मंगळवारी मी वेळेआधी पोचले. कृष्णाबाई माझ्याआधी येऊन बसली होती.

सुनावणीची खोली लांबट आहे, तिथला पंखा फिरताना टकटक वाजतो. ती पुढच्या खुर्चीवर, दाराकडे पाठ करून बसली होती. हिरवं लुगडं, मानेवर घट्ट अंबाडा. दीपेशने मला अंगठ्याने इशारा केला, आली. त्याच्या तोंडावर समाधान होतं. मी तिच्या मागच्या रांगेत बसले. माणसाच्या अंगाला असतो तसा तिच्या अंगाला काहीच वास नव्हता.

"आजी, नाव सांगा," वर्तक साहेब म्हणाले.

"कृष्णाबाई रामू तरे."

"तुम्ही मयत आहात असं इथे लिहिलंय."

"लिवलाय कोनी?" ती म्हणाली. आवाज माझ्या आईच्या बोलीतला होता, पण आईचा नव्हता. "मी मेले नाय. मेली ती बिचारी दुसरी. मना समदा म्हाइत हाय."

वकिलाने ठसा जुळवायचा आग्रह धरला. गॉडफ्रेंनी शाईची डबी पुढे केली. तिने डावा हात टेबलावर ठेवला तेव्हा मला तो पहिल्यांदा दिसला. अंगठ्यावर तिरकी चीर होती. माझी. ठसा उठला, साहेबांनी भिंग घेतलं, वकिलानेही घेतलं.

"जुळतो," वकील म्हणाला.

"तुम्ही काय बघितलंत तिथे?" साहेबांनी विचारलं.

"पानी तापवाचा रॉड. लय होते. पोराने मोजले, बांधले, लाख लावली. मी होते तवा. त्याच्या आदी एकूनीस वेला होते मी. मना कोनी इचारलाच नाय, काय बगलंस म्हनून."

आणि तिने मान वळवली. साहेबांकडे नाही, मागे, माझ्याकडे. मी क्षणभरच बघितलं. मी सत्तावन्नची आहे. पासष्टाव्या वर्षी मी कशी दिसेन याची मला कधी उत्सुकता नव्हती. एवढंच सांगीन की ती रागावलेली नव्हती. उलट खूप दिवसांनी भेटलेल्या माणसाकडे बघावं तशी बघत होती.

साहेबांनी तिथल्या तिथे आदेश लिहायला घेतला. पंचनामा ग्राह्य. तीनशे बारा रॉड नष्ट करावेत. दीपेशने टेबलाखाली मूठ आवळली. मी डोळे मिटले आणि तेवढ्यापुरतं मला खरोखर बरं वाटलं.

७

"फक्त ते मयतचं निस्तरा," साहेब म्हणाले. "नोंदवही दुरुस्त झाल्याशिवाय मी आदेशावर सही करणार नाही. उद्या हे लोक अपिलात जातील आणि तेच पान काढतील."

गॉडफ्रेंनी नोंदवही आणली, पान उघडलं आणि चष्मा कपाळावर सरकवला. "खोडता येणार नाही, साहेब. त्या वर्षी मयत पंच एक, असा आकडा वर गेलाय. एक म्हणजे एक, तो शून्य होत नाही. नाव चुकलं असेल तर दुरुस्त करता येतं. शुद्धिपत्रक लावायचं. कृष्णाबाई रामू तरे यांच्याऐवजी अमुक असे वाचावे."

"मग लावा. कोण मेलं होतं, मॅडम?"

त्यांनी वही माझ्यापुढे सरकवली. खोलीत सगळे माझ्याकडे बघत होते, म्हणजे मला तसं वाटलं. पुढच्या खुर्चीवर ती बसली होती, पुन्हा पाठमोरी, अंगठ्याची शाई लुगड्याच्या पदराला पुसत.

एक नाव लिहायचं होतं. ते मला फार सोपं जातं. गाव घालायचं, वय घालायचं, तोंडाला येईल तो घर नंबर. मनात एक नाव आलंसुद्धा, साधं, कुणाचंही असू शकेल असं. पेन कागदाला लागलं आणि मी थांबले. मागच्या वेळी मी असंच एक नाव लिहिलं होतं आणि ती येऊन बसली होती. आता मी लिहीन ते नाव मयताचं असणार. वसईपासून विरारपर्यंत त्या नावाची कुणीतरी असेलच. उद्या सकाळी ती उठेल, पाणी तापलंय का बघेल.

रचनाचं नाव लिहू का, असंही वाटून गेलं. ती तर गेलेलीच होती. पण ती जानेवारीत गेली आणि नोंद त्याआधीच्या ऑक्टोबरची. तारखा जुळत नव्हत्या. आणि तिला मी आणखी एकदा कागदावर मारणार नव्हते.

मला भीती वाटली. चार वर्षांत पहिल्यांदा, अगदी पोटातून, सगळी एकदम. घरी जावंसं वाटलं. विरारच्या त्या दोन खोल्यांत माझी कोणी वाट बघत नाही, तरी जावंसं वाटलं.

"मॅडम, गोदामाची चावी वितरकाकडे आहे," दीपेश हळूच म्हणाला. "आज सही झाली नाही तर..."

मी 'यांच्याऐवजी' लिहिलं. पुढे विनिता भोईर लिहिलं, वय त्रेपन्न, तेव्हा मी तेवढीच होते. मग 'असे वाचावे'. अक्षर नेहमीसारखं स्वच्छ आलं. खाली माझा अंगठा लावला. कागदावर नुसता जांभळा डाग उठला.

साहेबांनी आदेशावर सही केली. दीपेश गोदामाकडे फोन लावत बाहेर पळाला. गॉडफ्रेंनी वही आपल्याकडे ओढली, शाई सुकेपर्यंत थांबले आणि ती मिटली.

"झालं मॅडम," ते म्हणाले. "चला, चहा घेऊ."

ते कुणाला म्हणाले हे बघायला मी मान वर केली नाही. समोरच्या खुर्चीवरून कुणीतरी उठलं आणि माझ्या आवाजात म्हणालं, आलेच.